मयत इसम नामे डिमेलो

मयत इसम पुरुष जातीचा, बांधा भरलेला, पोशाख साहेबी, हुद्दा मुंबई शहराचा म्युनिसिपल कमिशनर. असा रीतसर पंचनामा डिमेलोच्या नशिबी यायला हवा होता. तो आला नाही. पंचनाम्यासाठी प्रेत जागेवर लागतं, आणि हे प्रेत एका जागी कधी थांबलंच नाही. बागेतल्या झुडपामागून ते पुलापाशी गेलं, पुलापासून भर रस्त्यात, रस्त्यावरून एका बिल्डरच्या ताब्यात, तिथून बुरख्यांच्या गर्दीत आणि गर्दीतून थेट हस्तिनापूरच्या दरबारात. जिवंतपणी खुर्चीतून न हलणारा हा माणूस मेल्यावर मुंबईभर हिंडला.

‘जाने भी दो यारों’ 12 ऑगस्ट 1983 रोजी प्रदर्शित झाला. कुंदन शाह यांचा हा पहिला चित्रपट. पोस्टरवर नायक म्हणून दोन फोटोग्राफर आहेत, नसीरुद्दीन शाह आणि रवी बासवानी. खलनायक म्हणून दोन बिल्डर आहेत, पंकज कपूरचा तरनेजा आणि ओम पुरीचा आहुजा. भक्ती बर्वे ‘खबरदार’ नावाच्या पत्राची संपादिका आहेत आणि त्या संपादिकेच्या सचोटीवर आपण पहिला अर्धा तास भाबडेपणाने विश्वास ठेवतो. पण या सगळ्यांना पळायला लावतो तो डिमेलो. एकही संवाद न बोलता, बोट न हलवता. माझ्या लेखी हिंदी सिनेमातलं इतकं कामसू प्रेत दुसरं नाही.

जिवंत डिमेलो पडद्यावर फार वेळ नाही, पण तेवढ्यात सतीश शाह यांनी त्याची सगळी जन्मपत्रिका मांडली आहे. साहेब अमेरिकेला जाऊन आलेत. तिथे काय पाहिलं, तर गटारं. देशाची प्रगती गटारांवरून मोजावी, हा त्यांचा सिद्धांत आणि तो ते मेजवानीत पाहुण्यांना ऐकवतात. तिकडचे लोक थोडं खातात, थोडं टाकतात, म्हणून इकडेही तसंच करावं, असाही त्यांचा आग्रह. टेंडर कोणाला द्यायचं हे मात्र अगदी देशी पद्धतीने ठरतं. तरनेजाला वाटतं आपल्याला मिळणार, ते जातं आहुजाकडे, आणि तरनेजा साहेबांना गोळी घालतो. मग त्याच साहेबांचं नाव नव्या पुलाला देऊन उद्घाटनाला हारही तोच घेतो.

यात अतिशयोक्ती किती हे तेव्हाच्या मराठी वाचकाला सांगावं लागत नव्हतं. जानेवारी 1982 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालानंतर मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी राजीनामा दिला होता आणि प्रकरण सिमेंटच्या वाटपाचं होतं. सिमेंट परवान्यावर मिळे, परवाना देणगीवर मिळे. सिनेमातला पूल कोसळतो तेव्हा त्यात सिमेंट किती आणि रेती किती हा विनोद रचलेला आहे, असं निदान मुंबईत तरी कोणाला वाटलं नसेल.

आता हिशेबाकडे येऊ, कारण हे प्रेत हिशेबातूनच जन्मलं. पैसे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचे, म्हणजे एनएफडीसीचे, आणि सगळं मिळून सात लाखांच्या आतबाहेर. त्या काळी मोठ्या हिंदी चित्रपटात एवढे पैसे एखाद्या गाण्याच्या सेटवर जात. सर्वांत जास्त मानधन नसीरुद्दीन शाह यांचं होतं, तेही 15,000 रुपये असं सांगितलं जातं. बाकीच्यांची बोळवण तीन ते पाच हजारांत झाली. मंडळी बहुतेक पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटची नाहीतर दिल्लीच्या नॅशनल स्कूल ऑफ ड्रामाची, एकमेकांच्या ओळखीची, एकमेकांची उसनवारी माहीत असलेली. कुंदन शाह यांनी इन्स्टिट्यूटमध्ये जाण्याआधी मुंबईत पॉप्युलर प्रकाशनात नोकरी केली होती. कथेचं बीजही मित्रांकडूनच आलं. इन्स्टिट्यूटमधल्या दोघा मित्रांनी हैदराबादला फोटोग्राफीचा धंदा थाटला होता, त्याच्या फजितीच्या हकिकती कुंदन शाह यांनी ऐकल्या आणि त्यातून ‘ब्यूटी फोटो स्टुडिओ’ उभा राहिला.

नायकांची नावं शोधायलाही कोणी वेळ घालवला नाही. विधू विनोद चोप्रा निर्मितीचा कारभार सांभाळत होते आणि सुधीर मिश्रा दिग्दर्शनाला हातभार लावत होते, लिहीतही होते. म्हणून एका फोटोग्राफरचं नाव विनोद चोप्रा, दुसऱ्याचं सुधीर मिश्रा. गुप्त खबर देण्यासाठी परवलीचा शब्द हवा होता, तर सईद मिर्झांच्या 1980 च्या चित्रपटाचं नाव उचललं, ‘अल्बर्ट पिंटो को गुस्सा क्यों आता है’. ज्या बागेत खून होतो तिचं नाव अंतोनिओनी पार्क, कारण फोटो मोठा करत गेल्यावर त्यात खून सापडतो ही कल्पना अंतोनिओनींच्या 1966 च्या ‘ब्लो-अप’ची. उधारी अशी पाटी लावून, राजरोस.

अशा घरात प्रेत हे पात्र फार परवडतं. त्याला संवाद पाठ करावे लागत नाहीत, त्याची गाणी नसतात, नायिकेबरोबर त्याचे प्रसंग नसतात. त्याच्याभोवती बाकीचे सगळे जमतात, म्हणून एका चौकटीत आठ माणसं घेता येतात आणि आठ वेगळे क्लोजअप वाचतात. कच्च्या फिल्मचा काळ होता तो. 35 मिलिमीटरची फिल्म कॅमेऱ्यातून मिनिटाला 90 फूट धावते आणि फुटाफुटाला पैसे पडतात. चित्रित झालेली फिल्म पुसून पुन्हा वापरता येत नाही. अशा वेळी दोन चौकश्या आणि तीन मारामाऱ्या एकाच पलंगाभोवती, एकाच पेटीभोवती, एकाच साडीभोवती गुंफता आल्या तर निर्मिती सांभाळणारा माणूस दुवा देतो.

पण प्रेताचाही एक खर्च असतो, तो म्हणजे श्वास. पुतळा आणावा तर तो नटासारखा दिसायला हवा, म्हणजे साचा आला, कारागीर आला, बिल आलं. म्हणून जिवंत सतीश शाह यांनाच मरायला लावलं. जिवंत माणसाचं पोट हलतं. पापणी फडफडते. शेजारी रवी बासवानी आणि नसीर काहीतरी अचाट करत असताना हसू न येणं हे तर योगसाधनेचं काम. त्या 90 फुटांत एकदा जरी छाती वर झाली तर दृश्य गेलं, फिल्म गेली, पैसे गेले.

पुढच्या वेळी सिनेमा पाहाल तेव्हा प्रेताच्या गुडघ्यांकडे पाहा. खरं प्रेत दोघा सडपातळ माणसांना असं उभं धरून चालवता येणं कठीण, भरल्या अंगाच्या माणसाचं तर अशक्यच. म्हणजे सतीश शाह स्वतःचं वजन स्वतः पेलत आहेत आणि ते पेलत नसल्याचं दाखवतही आहेत. मान मागे पडलेली, खांदे सैल, आणि पावलं मात्र हिशेबाने योग्य जागी. पायाला चाकं लावून त्याला ढकलतात तिथे तर तोल सांभाळायचा आणि सांभाळताना दिसायचं नाही, अशी दुहेरी कसरत आहे. जिवंत माणसाचा अभिनय करणारे पुष्कळ. निर्जीव वस्तूचा अभिनय, तोही चाकांवर, तोही धावत, हे मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. नटाने वस्तू व्हायचं म्हणजे स्वतःला वजा करायचं, आणि त्यांनी ते इतकं पुरेपूर केलं की आपण त्यांना अभिनयाचं श्रेय द्यायचंच विसरतो.

शवपेटीचा प्रसंग आठवतो ना? रात्रीचा रस्ता, पेटीत डिमेलो, आणि समोर दारूत तर्र झालेला आहुजा. त्याला वाटतं एक गृहस्थ मोटार बंद पडून अडकले आहेत. मोटारही साधी नव्हे, उघडी स्पोर्ट्‌स कार. तो आस्थेने चौकशी करतो, उत्तर न आल्यामुळे थोडा रागावतो, चाक बदलण्याची तयारी दाखवतो, ओढून न्यायची व्यवस्था करतो. ओम पुरी एकटेच बोलत आहेत. तरीही तो संवाद दोघांचा वाटतो, कारण प्रत्येक प्रश्नानंतर ते प्रेताला उत्तरासाठी पुरेसा अवकाश देतात. या प्रसंगाला लागलेलं सामान काय? एक रस्ता, एक पेटी, एक गाडी, एक बाटली. संपूर्ण सिनेमात शहराबद्दल सर्वांत कडू गोष्ट इथेच सांगितली आहे असं मला वाटतं. कमिशनर जिवंत होता तेव्हाही लोक त्याच्याशी असंच बोलत असणार, आपलंच म्हणणं मांडत आणि त्याची शांतता म्हणजे होकार असं धरत.

मी जबलपूरचा, त्यामुळे हे पात्र पाहिलं की मला घमापूर आठवतं. हरिशंकर परसाई आमच्या गावी राहून लिहीत. त्यांची ‘भोलाराम का जीव’ ही कथा इथल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. घमापूर मोहल्ल्यात नाल्याकाठी राहणारा निवृत्त भोलाराम मरतो, पण त्याचा जीव यमदूताच्या हातून निसटतो आणि धर्मराजाच्या दरबारात पोचतच नाही. नारद शोधायला जबलपूरला उतरतात. कळतं की पाच वर्षं पेन्शन मिळालेली नाही. कचेरीत कागद हलण्यासाठी त्यांना वीणा साहेबांना द्यावी लागते, कारण साहेबांची मुलगी गाणं शिकते आहे. अखेर फाइल येते आणि जीव त्या फाइलीतूनच बोलतो. पोस्टमन आला का, विचारतो. स्वर्गात चल म्हटलं तर नको म्हणतो. त्याचं मन पेन्शनच्या कागदांत अडकलेलं आहे.

भोलाराम आणि डिमेलो एकाच कारभाराच्या दोन टोकांना मेले. एकाला कचेरीने काही दिलं नाही, म्हणून त्याचा जीव अडकला. दुसऱ्याने कचेरीतून सगळं घेतलं, म्हणून त्याचा देह अडकला. घमापूरच्या गरिबाचा जीव कोणालाच नको आहे, खुद्द धर्मराजालाही तो फक्त नोंद पुरी करायला हवा आहे. कमिशनरचा देह मात्र सगळ्यांना हवा. तरनेजाला लपवायला हवा, आहुजाला तरनेजाचा गळा धरायला हवा, संपादिकेला दोघांकडून पैसे काढायला हवा, आणि दोन फोटोग्राफरांना सत्य सिद्ध करायला. फक्त या दोघांचाच हेतू चांगला, आणि शेवटी शिक्षाही त्यांनाच. परसाईंचा इन्स्पेक्टर मातादीन चंद्रावरच्या पोलिसांना हेच शिकवून येतो: जखमीला इस्पितळात नेणाऱ्यालाच खुनी ठरवा, तो हाताशी असतो. योगायोग असा की हा सिनेमा घडत होता त्याच सुमारास, 1982 चा साहित्य अकादमी पुरस्कार परसाईंच्या ‘विकलांग श्रद्धा का दौर’ला मिळाला. जबलपूर आणि मुंबई, दोन्हीकडचा राग सारखाच पिकला होता.

आता दरबार. पळापळ करत सगळे एका नाट्यगृहात शिरतात. रंगमंचावर महाभारत चालू आहे, प्रसंग द्रौपदीच्या वस्त्रहरणाचा, आणि साडीत गुंडाळलेला डिमेलो द्रौपदी म्हणून उभा. मराठी प्रेक्षकाला हा गोंधळ आधीच ओळखीचा होता. गंगाराम गवाणकर यांचं ‘वस्त्रहरण’ 1980 सालीच रंगमंचावर आलं होतं आणि मच्छिंद्र कांबळी यांचे तात्या सरपंच मालवणीतून तसाच हैदोस घालत होते. एकाने दुसऱ्याचं पाहून केलं असं मी म्हणत नाही. वस्त्रहरण हा प्रसंगच असा आहे की नट थोडा घसरला की दरबार कोसळतो. फक्त गवाणकरांची द्रौपदी जिवंत होती.

संवाद रणजीत कपूर आणि सतीश कौशिक यांचे. रणजीत कपूर यांच्या वडिलांची पारशी शैलीची फिरती नाटक कंपनी होती, त्यामुळे ती टाळीखेच भाषा, तो भरजरी आवेश त्यांच्या कानात लहानपणापासून होता. या फिरत्या कंपन्यांचं वेड आमच्याकडेही होतं. जबलपूरचे रघुवीर यादव कोवळ्या वयात घरातून पळून अशाच एका पारशी नाटक कंपनीत दाखल झाले आणि अडीच रुपये रोजावर राबले. पुढे दोघेही, रणजीत कपूर आणि रघुवीर यादव, नॅशनल स्कूल ऑफ ड्रामाचे झाले. तंबूतल्या रंगमंचावर एक नियम असतो: काहीही बिघडलं तरी पडदा पाडायचा नाही, पुढचं वाक्य फेकायचं. तो नियमच या प्रसंगाचा कणा आहे. दुर्योधन ऐनवेळी जाहीर करतो की अशा सती स्त्रीला पाहून त्याने वस्त्रहरणाचा बेत रद्द केला आहे. भीमाच्या वेषातला आहुजा द्रौपदी एकट्याची नाही, आपण सगळेच भागीदार आहोत असा हक्क सांगतो. आंधळा धृतराष्ट्र पुन्हा पुन्हा विचारत राहतो की हे चाललंय तरी काय, आणि सभागृहात तोच एकटा योग्य प्रश्न विचारत असतो. भाऊबंदकीच्या वाटणीत पितळी हंडा जसा या हातातून त्या हातात ओढला जातो तसा डिमेलो ओढला जातो. पुढे सलीम आणि अकबरही येतात, ते कोणत्या नाटकातून आले हे विचारायला कोणालाही फुरसत नाही.

दुःशासन कोण, तर विधू विनोद चोप्रा. भूमिकेसाठी बोलावलेल्या नटाने रोजचे 500 रुपये मागितले. निर्मितीचा हिशेब ज्याच्या हाती त्याला ते पटेना, म्हणून त्याने स्वतःच मिशा लावल्या. काटकसरीने वेष चढवून साडी ओढावी, हे दृश्य पडद्यामागचं म्हणून सांगितलं जातं, पण मला तर ते पडद्यावरच्याइतकंच त्या सिनेमाचा भाग वाटतं.

घाईने आणि गरिबीने कला फुलते, असं म्हणायचा मोह इथे होतो. मी तो आवरतो. गरिबीने या सिनेमातली बरीच माणसं अर्धपोटी राबवली. नसीरुद्दीन शाह यांनी आपला स्वतःचा निकॉन कॅमेरा नायकाच्या हातात द्यायला आणला होता, तो कामाच्या धामधुमीत चोरीला गेला. खुनाचा छडा लावणाऱ्या कॅमेऱ्याची चोरी कोणी केली, याचा छडा लागला नाही. अनुपम खेर यांनी ‘डिस्को किलर’ नावाच्या मारेकऱ्याची भूमिका केली, तीही चित्रित झाली, आणि संकलनात पूर्णपणे गेली. चित्रपट लांबला होता आणि संकलक रेणू सलुजा यांच्या टेबलावर कोणाचं तरी मरण ठरलेलंच होतं. जिवंत मारेकरी गेला, मेलेला कमिशनर राहिला. रेणू सलुजा यांची निवड बरोबर होती याबद्दल मला शंका नाही. तरीही ती फीतभर मेहनत कोणाचीतरी होतीच.

घाईचा एक फायदा मात्र खरा. पैसा आणि सवड असती तर कोणीतरी शहाणा माणूस म्हणाला असता की प्रेताला द्रौपदी करणं तर्काला धरून नाही, नेपथ्य बदलू, कारण देऊ, मधला दुवा दाखवू. इथे दुवे दाखवायला फिल्मच नव्हती. म्हणून बाष्कळपणा अखंड राहिला, आणि तो अखंड राहिल्यामुळेच पुढचा कडवटपणा झोंबतो. ज्यांनी नंतर असे सिनेमे भरपूर पैसे घालून काढले त्यांची प्रेतंसुद्धा नीटनेटकी दिसतात. ती पाहून हसू येत नाही.

चित्रपटगृहात सिनेमा फार चालला नाही. लोकांनी तो खरा पाहिला दूरदर्शनवर, आणि मग पाहतच राहिले. दिग्दर्शकाच्या पहिल्या चित्रपटासाठीचा राष्ट्रीय पुरस्कार कुंदन शाह यांना मिळाला, रवी बासवानी यांना विनोदी भूमिकेचं फिल्मफेअर मिळालं. कुंदन शाह यांचा पुढचा चित्रपट, ‘कभी हाँ कभी ना’, पडद्यावर यायला 1994 उजाडलं. मधल्या काळात त्यांनी ‘नुक्कड’ आणि ‘वागले की दुनिया’सारख्या मालिका केल्या, म्हणून आपलं काही बिघडलं नाही. त्यांचं मात्र बिघडलं असावं. 2015 साली फिल्म इन्स्टिट्यूटच्या विद्यार्थ्यांच्या आंदोलनाच्या बाजूने उभं राहून त्यांनी तो राष्ट्रीय पुरस्कार सरकारला परत केला. दोन वर्षांनी, 7 ऑक्टोबर 2017 रोजी, ते गेले.

सतीश शाह यांनी प्रेताची भरपाई ताबडतोब केली. 1984 च्या ‘ये जो है ज़िंदगी’ मालिकेत ते 55 भागांत 55 निरनिराळ्या माणसांच्या रूपात आले, सगळीच्या सगळी बडबडी. मराठी प्रेक्षकांना ते 1987 च्या ‘गंमत जंमत’मध्ये भेटले, अपहरणाच्या भानगडीमागे लागलेल्या पोलिस इन्स्पेक्टरच्या गणवेशात. 25 ऑक्टोबर 2025 रोजी त्यांचं निधन झालं तेव्हा बहुतेक बातम्यांना आणि श्रद्धांजल्यांना डिमेलोची आठवण झाली, आणि लिहिणाऱ्यांना हसू आवरून दुःख लिहावं लागलं असणार.

डिमेलोचं पुढे काय झालं? सिनेमाच्या अखेरच्या दृश्यात तो नाही. बिल्डरांची आणि साहेबांची तडजोड झाली, कमिशनरच्या खुर्चीत नवा माणूस बसला, डिमेलोच्या नावाचा पूल पडला, पूल पडल्याचा आळ कैद्यांचे कपडे घातलेल्या त्या दोघांवर गेला. वाटणी पुरी झाल्यावर प्रेताची गरज कोणाला उरली नाही, म्हणून त्याचे अंत्यसंस्कार कोणी केले याची चौकशीही कोणी केली नाही. मी हा सिनेमा पाहिलेल्या कित्येकांना विचारलं आहे. प्रत्येकाला साडी आठवते, पेटी आठवते, चाकं आठवतात. दफन कोणालाच आठवत नाही.